जुन्या बसचे फिरते घर

‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण आपण बहुधा कीव करण्यासाठी वापरतो. दर तीन वर्षांनी बदली होणारा मास्तर किंवा मेंढरांमागे हिंडणारे धनगराचे कुटुंब पाहिले की ती आठवते. पण असे बिऱ्हाड हौसेने पाठीवर घेणारी माणसेही जगात पुष्कळ आहेत. ती एखादी जुनी बस विकत घेतात, तिच्यातली बाके काढतात, निजायला फळ्या, चुलीला जागा आणि पाण्याला टाकी करतात, आणि सुटी लागली की मुलाबाळांसह निघतात. अशा गाडीला ‘कॅम्पर’ म्हणतात. चित्रांत ती फार गोड दिसते. खिडकीला पडदे, दारात खुर्ची, शेजारी तळे! चित्रात जे दिसत नाही त्याबद्दल मला आज तुमच्याशी बोलायचे आहे.

माझा एक जुना विद्यार्थी नोकरीनिमित्त जर्मनीत राहतो. दोन वर्षांपूर्वी त्याने १९६९ सालची फोक्सवॅगन बस घेतली. घरात तो, त्याची पत्नी आणि नऊ व सहा वर्षांच्या दोन मुली. एके रात्री त्याचा फोन आला. “सर, या गाडीचं घर करायचंय. नकाशा काढलाय. तुम्ही फक्त हिशेब तपासून द्या.” मी म्हटले, “अरे, मी सुतार नाही, मेकॅनिकही नाही.” तर म्हणतो, “म्हणूनच. सुतार लाकडाचं सांगतो, मेकॅनिक इंजिनाचं सांगतो. दोन्हींच्या मधलं कुणी सांगत नाही.” त्याचे म्हणणे खरे होते. मग पुढचे आठ महिने आमचा पत्रव्यवहार चालला, आणि तपासता तपासता मीच पुष्कळ शिकलो.

आधी ही बस कोठून आली ते पाहू. दुसरे महायुद्ध संपल्यावर जर्मनीतील वोल्फ्सबुर्ग येथील कारखान्यात ‘बीटल’ नावाची छोटी मोटार बनत होती. बेन पोन नावाचे एक डच व्यापारी त्या मोटारी आयात करण्याच्या खटपटीत होते. त्यांनी २३ एप्रिल १९४७ रोजी आपल्या नोंदवहीत एक साधे चित्र काढले. चित्रात पावाच्या लादीसारखी चौकोनी पेटी, पुढे चालक, मागे इंजिन आणि मध्ये सगळी मोकळी जागा होती. त्या चित्रावरून पुढे ही बस झाली, आणि मार्च १९५० मध्ये तिचे नियमित उत्पादन सुरू झाले. आपल्याकडे पुणे ते अहमदनगर ही पहिली एस. टी. धावली १ जून १९४८ रोजी, म्हणजे दोघी जवळजवळ समवयस्कच. इंजिन होते अवघे २५ अश्वशक्तीचे.

या जन्मकथेतील एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. पहिला नमुना बनवताना इंजिनिअरांनी सरळ बीटल मोटारीचा तळ घेतला आणि त्यावर बसची पेटी ठेवली. तो तळ तिच्या ओझ्याला पुरला नाही. मग खाली शिडीसारखी आडव्या-उभ्या पट्ट्यांची चौकट केली आणि पत्र्याचे सगळे अंग तिला एकजीव जोडून टाकले. याचा अर्थ असा की या गाडीत तळ, बाजू आणि छप्पर हे सगळे मिळून भार वाहतात. आपल्या मालट्रकसारखे खाली मजबूत चासी आणि वर नुसता सांगाडा, असा प्रकार येथे नाही. अंड्याच्या कवचासारखे समजा. कवच अखंड आहे तोवर भक्कम, आणि एका ठिकाणी भोक पडले की सगळेच हलके.

माझ्या विद्यार्थ्याच्या नकाशात पहिलीच रेघ छपरावर होती. छप्पर कापून तेथे वर उचलले जाणारे झाकण बसवायचे, म्हणजे मुलींना वरच्या मजल्यावर निजता येईल! उचलती छपरे असतात, नाही असे नाही. पण ती बनवणारे कारखाने कापलेल्या भोकाभोवती पोलादी कडे बसवून गेलेली ताकद परत भरून काढतात. घरच्या अंगणात करवत घेऊन हे होत नाही. ती रेघ आम्ही खोडली.

दुसरी अडचण वजनाची. त्याने १८ मिलिमीटर जाडीचे प्लायवूड धरले होते. आठ फूट बाय चार फुटांचा असा एक तक्ता सुमारे ३२ किलो भरतो. असे सहा, म्हणजे १९२ किलो. पाण्याची टाकी १०० लिटरची, म्हणजे १०० किलो. शिशाच्या दोन बॅटऱ्या ५५, थंड पेटी २०, गाद्या-भांडी-चूल ६०, चार माणसे १८०, कपडे आणि शिधा ८०. बेरीज झाली ६८७ किलो. “पण सर, गाडीच्या कागदावर याहून जास्त ओझ्याची परवानगी आहे,” तो म्हणाला. आहे ना. पण एकूण ओझे किती हा एक प्रश्न झाला. ते ओझे कोठे ठेवले आहे हा वेगळाच प्रश्न आहे.

हा दुसरा प्रश्न बैलगाडी हाकणाऱ्याला सांगावा लागत नाही. कडब्याच्या पेंढ्या मागच्या बाजूला जास्त पडल्या की गाडी उलार होते, जू वर उचलते आणि बैलांना जमिनीत पाय रोवता येत नाहीत. या बसचे इंजिन मुळातच मागे आहे. वर हा गृहस्थ पाण्याची टाकी, बॅटऱ्या आणि मोठे कपाटही मागच्या चाकांच्या पाठीमागे ठेवायला निघाला होता. शाळेतल्या तरफेचा नियम येथे लावून पाहा. पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर २४० सेंटिमीटर आहे. मागच्या आसाच्या मागे ६० सेंटिमीटरवर १०० किलोची टाकी ठेवली, तर ६० ला २४० ने भागून पाव भाग येतो. म्हणजे पुढची चाके २५ किलोंनी हलकी होतात आणि मागच्या चाकांवर १०० नव्हे, १२५ किलो पडतात. पुढची चाके हलकी झाली की सुकाणू ऐकेनासे होते, आणि तेही वळणावर, ओल्या रस्त्यात, नेमके नको तेव्हा. शिक्षकमित्रांनी हे उदाहरण आठवी-नववीच्या वर्गात जरूर घालावे. मुले तरफ विसरतात, पण उलार झालेली गाडी विसरत नाहीत.

मग आम्ही नकाशा पुन्हा मांडला. प्लायवूड हलक्या पॉप्लर लाकडाचे, १२ मिलिमीटरचे घेतले. त्याचा तक्ता १५-१६ किलोच भरतो, आणि चार तक्त्यांत काम भागले. एकूण ६२ किलो. पाणी ३० लिटर पुरे, वाटेत नळ असतातच. शिशाच्या दोन बॅटऱ्यांऐवजी लिथियमची एक, १२ किलोची. ६८७ चे झाले ४४४. पाणी आणि बॅटरी दोन्ही आसांच्या मधोमध, तळालगत नेली. आपल्याकडे साखर कारखान्याच्या काट्यावर उसाची गाडी आधी भरलेली आणि मग रिकामी तोलतात, तशी त्याने बस तिकडच्या एका काट्यावर रिकामी तोलली आणि सामान भरून पुन्हा तोलली. पुढची चाके वेगळी, मागची वेगळी. हे प्रत्येकाने करावे. अंदाज म्हणजे काटा नव्हे.

येथे एक जुनी युक्ती आमच्या कामी आली. जर्मनीतील विडेनब्र्युक गावी वेस्टफालिया नावाचा कारखाना होता. तो १८४४ साली सुरू झालेला, पूर्वी घोडागाड्या बनवणारा. या कारखान्याने १९५१ पासून फोक्सवॅगन बससाठी ‘कॅम्पिंग बॉक्स’ विकायला काढला. ती होती एक लाकडी पेटी आणि तिच्याबरोबरचे सुटे सामान. पेटी चालकाच्या पाठीमागे ठेवायची, तिच्यातून गाद्या आणि निजायची सोय निघे. सोमवारी पेटी उतरवली की तीच गाडी दुकानाचा माल वाहायला मोकळी! युद्धाने खंगलेल्या देशात दोन गाड्या कोणाला परवडणार? गरजेपोटी निघालेली ही युक्ती मला आजही सर्वांत शहाणपणाची वाटते. गाडीच्या पत्र्याला शंभर भोके पाडून कपाटे ठोकायची नाहीत. घराची एक पेटी करायची, ती मूळच्या बाकांच्या बोल्टांच्या जागीच घट्ट आवळायची आणि हवी तेव्हा काढायची. माझ्या विद्यार्थ्याने तसेच केले.

भोके पाडायची नाहीत याला आणखी कारण आहे, ते म्हणजे गंज. जुन्या बसचा खरा शत्रू इंजिन नव्हे. इंजिन खोलता येते, बदलता येते. गंज मात्र आतून खातो, आणि बाहेर रंग चकचकीत असतो. दाराखालचे उंबरे, चाकांवरच्या कमानी, जॅक लावायच्या जागा, बॅटरीखालचा पत्रा या ठिकाणी तो आधी बसतो. गाडी घेताना खिशात एक लोहचुंबक ठेवावा. पत्र्यावर तो टक्कन चिकटतो. जेथे चिकटत नाही तेथे पत्रा नसून पुट्टी आहे, असे खुशाल समजावे. या बसच्या डाव्या उंबऱ्यावर वीतभर जागेत चुंबक घसरून पडला. तेथे पुट्टीखाली नुसता पोकळ तांबडा भुगा होता. सुतारकाम तीन महिने पुढे गेले आणि वेल्डिंगचे काम आधी आले. तो हिरमुसला, पण उलट क्रमाने केले असते तर सगळे घर पुन्हा उचकटावे लागले असते.

आणि गंजाला पाणी पुरवते कोण? पाऊस तर पुरवतोच, पण आत निजणारी माणसेही पुरवतात. निजलेल्या माणसाच्या श्वासातून आणि अंगातून तासाला तीस-चाळीस ग्रॅम पाणी वाफेच्या रूपाने जाते. चार माणसे, आठ तास, म्हणजे सकाळपर्यंत साधारण एक लिटर. हे पाणी जाते कोठे? थंड पाण्याच्या तांब्यावर बाहेरून दव धरते ना, तसे ते गार पत्र्यावर आतून धरते आणि लाकडी अस्तरामागे ओघळत खाली उंबऱ्यात साचते. अस्तरामागे काचेचा कापूस भरला तर तो भिजतो आणि ओलाच राहतो. म्हणून पाणी न शोषणारा बंद छिद्रांचा फोम पत्र्याला चिकटवावा, आणि रात्री कितीही थंडी असली तरी वर आणि खाली हवेची एकेक वाट उघडी ठेवावी.

हवेची वाट उघडी ठेवायची ती केवळ गंजासाठी नाही. आता जे सांगतो ते सर्वांत गंभीर आहे.

या बसचे इंजिन हवेने थंड होते. त्यात पाणी नाही, रेडिएटर नाही. इंजिनाचा पंखा थंड हवा ओढतो, आणि ही हवा गाडीच्या मागच्या कोपऱ्यांतील फटींतून आत येते. हौशी लोक आतून कपाटे करताना, ऊबेसाठी फोम भरताना, या वाटा नकळत बुजवतात, आणि मग इंजिन तापते. ते परवडले, गाडी फक्त थांबेल. पण थंडीत माणसांना ऊब देण्याची व्यवस्था पाहा. इंजिनातून जळका धूर ज्या नळ्यांतून बाहेर पडतो त्यांच्याभोवती पत्र्याचे वेष्टन असते. त्या वेष्टनातून हवा खेळवून ती गरम झालेली हवा माणसांकडे आणतात. युक्ती छान आहे. पण पन्नास वर्षांनी ती आतली नळी गंजून तिला सुईएवढे भोक पडले, तर? तर धूर थेट निजायच्या खोलीत!

धुराला निदान वास असतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नाही, रंग नाही. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते. हा वायू त्याला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक जोराने चिकटतो. डोके जड होते, पेंग येते, आणि पेंगलेल्या माणसाला पेंग आली याचे नवल वाटत नाही. थंडीत बंद खोलीत शेगडी पेटवून निजल्यामुळे होणाऱ्या मृत्यूंच्या बातम्या आपण वाचतो. त्यांमागे हाच वायू असतो. माझ्या विद्यार्थ्याच्या पत्नीने पहिल्याच फेरीनंतर सांगितले, “मागं बसलं की माझं डोकं दुखतं.” त्याला वाटले, गाडी लागत असेल. त्याने ते मला सहज म्हणून सांगितले. मी त्याच रात्री त्याला सांगितले, गाडी उचलून नळ्या पाहिल्याशिवाय मुलींना आत बसवू नकोस. नळ्या पाहिल्या, आणि उजवीकडच्या वेष्टनात गंजाने जाळी झालेली निघाली. त्या दिवसानंतर मी त्याला बाकीच्या बाबतींत थोडा जाच केला, हे मान्य करतो.

तो जाच असा. दोन्ही नळ्या नव्या. वायूची सूचना देणारे छोटे यंत्र निजायच्या उंचीवर एक आणि पुढे एक. पेट्रोलच्या रबरी नळ्या सगळ्या नव्या, कारण या गाडीत पेट्रोलची टाकी इंजिनाच्या शेजारीच आहे, आणि हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते, ते जुन्या रबराला मानवत नाही. रबर तडकते, पेट्रोल गरम इंजिनावर ठिबकते. इंजिनाची पेटी मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची आहे. शाळेत मॅग्नेशियमची फीत पेटवून दाखवतात, ती ज्यांनी पाहिली असेल त्यांना पुढचे सांगायला नको. अशी आग लागली की बादलीभर पाण्याने ती विझत नाही, उलट भडकते. अग्निशामक दाराजवळ हवा. पलंगाखाली ठेवलेला अग्निशामक आणि ट्रंकेत ठेवलेली छत्री सारखीच.

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर जात नाही, तळाशी पाण्यासारखा साचतो. म्हणून सिलिंडरचे कपाट माणसांच्या जागेपासून पूर्ण बंद हवे आणि त्याच्या तळाला थेट बाहेर उघडणारे भोक हवे. हे एक भोक मात्र पाडायचेच! चाकावरच्या बंद खोलीत गॅसचा निष्काळजीपणा काय करतो हे आपण २६ ऑगस्ट २०२३ रोजी मदुराईला पाहिले. यात्रेकरूंच्या रेल्वेडब्यात नेलेल्या सिलिंडरमुळे आग लागली आणि नऊ माणसे गेली. आमच्या मंडळींनी शेवटी ठरवले की चूल गाडीत पेटवायचीच नाही. दार सरकवायचे, बाहेर छोटे मेज मांडायचे. पिठले तेथेही तितकेच चांगले होते म्हणे.

विजेचे थोडक्यात सांगतो. १२ व्होल्टची १०० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे १२०० वॉट-तास. तीन दिवे, एक पंखा, फोन यांना रात्रभरात तीनशेही लागत नाहीत. थंड पेटी तेवढी खादाड. प्रत्येक वायरीला बॅटरीजवळच फ्यूज हवा.

मुलींच्या जागेवरून आमचे थोडे वाजले. त्याला वाटे, गाडी चालू असताना त्या मागच्या पलंगावर लोळत जातील. लहानपणी आपण सगळेच मामाच्या गावाला असे ट्रकच्या हौद्यात बसून गेलो आहोत, त्यामुळे हे बोलणे मला जड गेले. पण हिशेब करू. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी आदळून अर्ध्या मीटरमध्ये थांबली, तर आतल्या प्रत्येक वस्तूवर तिच्या वजनाच्या सुमारे वीसपट जोर येतो. २० किलोची मुलगी त्या क्षणी ४०० किलोंच्या ओढीने पुढे जाते. आईच्या हाताने ती धरवत नाही, आणि पट्ट्याचा बोल्ट प्लायवूडमध्ये असेल तर तोही उपटून येतो. बोल्ट गाडीच्या मूळ पोलादी जागेतच हवा, आणि बाक पुढे तोंड केलेले हवे. याच गाडीची ब्राझीलमध्ये बनणारी आवृत्ती डिसेंबर २०१३ पर्यंत निघत होती. २०१४ पासून तेथे एअरबॅग आणि चाके न अडकू देणारे ब्रेक सक्तीचे झाले, आणि या जुन्या अंगात ते बसेनात, म्हणून ती थांबली. तेव्हा या गाडीत सुरक्षिततेला मुळातच शिल्लक थोडी. ती आपण आणखी खर्च करू नये.

हे वाचून कोणी म्हणेल, आपणही भंगारातली एखादी एस. टी. घेऊ. घाई करू नका. १ एप्रिल २०२३ पासून सरकारी आणि परिवहन महामंडळांच्या पंधरा वर्षांवरील गाड्यांची नोंदणी पुढे चालत नाही, त्या मोडीतच काढायच्या असतात. खासगी गाडी असली तरी मोटार वाहन कायदा, १९८८ च्या ५२ व्या कलमाप्रमाणे नोंदणीपुस्तकातल्या वर्णनाशी विसंगत होईल असा बदल मनाला येईल तसा करता येत नाही. आधी परिवहन कार्यालयात विचारावे, मग करवत उचलावी. आणि गाडी पन्नास वर्षांवरची असेल तर आणखी एक पेच आहे. जुलै २०२१ च्या नियमांप्रमाणे ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद व्हायची तर तिचे मूळ रूप शाबूत हवे. म्हणजे घर केले की म्हातारीचा मान गेला! जर्मनीत तीस वर्षांवरच्या, मूळ रूप राखलेल्या गाडीला तशी वेगळी पाटी मिळते. उतरवता येणारी पेटी येथेही कामाला आली. तपासणीला गाडी नेली तेव्हा तिच्या अंगावर नवे असे काही नव्हतेच.

गेल्या उन्हाळ्यात मंडळी तीन आठवडे हिंडून आली. आल्प्सच्या घाटातून उतरताना त्याने आपल्या खंबाटकीतल्या ट्रकवाल्यांसारखा खालचा गिअर धरून ब्रेक थंड ठेवले, असे त्याने कौतुकाने कळवले. मोठीने एक वही केली आहे, तिच्यात रोज सकाळी खिडकीवर दव किती धरले ते लिहिले आहे. आता नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत गाडी बाहेर निघणार नाही. तिकडे बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, आणि मीठ म्हणजे गंजाला मेजवानी. पेटी उतरवून तळघरात ठेवली आहे, आणि गाडीचे दार आतली ओल जावी म्हणून बोटभर उघडे ठेवले आहे.